पट्टीखालचा बाण

१

चादर बाजूला केली ती मावशींनी स्वतःच. कमरेखालचा बधिरपणा ओसरत आला होता, पायांत मुंग्या धावत होत्या, आणि माणसाला दुखरी जागा आधी हाताने चाचपून पाहायची सवयच असते. त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा उघडा. तोच जुना, सुजलेला, रोजचा वैरी.

"अगं," त्या शेजारी पेंगत बसलेल्या सुनेला म्हणाल्या, "माझा दुखरा गुडघा कुठला?"

"उजवा. असं काय विचारताय?"

"मग पट्टी डावीकडं कशी?"

सुनेला वाटलं, औषधाची गुंगी अजून उतरली नाही. ती हसतच उठली, चादर सारखी करायला वाकली, आणि तिचं हसू ओठांवरच वाळलं. धडधाकट डाव्या गुडघ्याभोवती पांढरीशुभ्र पट्टी होती. उजव्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

मावशी ओरडल्या नाहीत. अर्ध्या गावाचे कपडे त्यांनी पायमशीन चालवून शिवले होते. उजवा पाय रुसला तेव्हापासून डाव्या पायावर भागवत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता दोन्ही पाय कामातून गेले का गं?"

सुनेने मात्र असा हंबरडा फोडला की सारा वॉर्ड गोळा झाला.

२

या रुग्णालयात एक बाई होत्या, त्यांना सगळे 'नियमबाई' म्हणत. तोंडावर 'मॅडम', पाठीमागे नियमबाई. अर्धं आयुष्य परिचारिका म्हणून काढलेल्या. आता रुग्णालयात सगळं नीतीने आणि नियमाने चालतं की नाही हे पाहणं त्यांच्याकडे होतं. वरून तपासणीला येणाऱ्यांनी 'असं कुणीतरी हवंच' म्हणून बजावलं, तेव्हा मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत त्यांचं टेबल लागलं. खुर्च्या कुणी हलवल्या नाहीत. देव्हाऱ्यात देव बसवायचा आणि वर्षभर फुलं घालायची नाहीत, तशातली गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांनी त्यांना बोलावलं. खोलीत मोठे डॉक्टर आधीच बसले होते. हाडांचे शल्यविशारद, रुग्णालयाची शान. प्रवेशद्वारावरच्या फलकावर त्यांचा हसरा फोटो होता. आज चेहरा फोटोसारखाच होता, फक्त हसू काढून ठेवलेलं.

"प्रकार वाईट आहे," संचालक म्हणाले, "पण सरळ आहे. वॉर्डातल्या त्या धाकट्या सिस्टरने खूण चुकीच्या पायावर केली."

'धाकटी सिस्टर' म्हणजे चिमणी. बांधा तसा म्हणून नाव तसं. शस्त्रक्रियेच्या आधी पेशंटच्या ज्या पायावर काम व्हायचं त्यावर न पुसणाऱ्या शाईने बाण काढायचा, हे काम वॉर्डात तिचं.

"डाव्या मांडीवर बाण आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "उजवी मांडी कोरी. कुणीही जाऊन बघावं. माझ्यासमोर डावा पाय आला, त्यावर बाण होता. पट्टीसुद्धा मी माझ्या हाताने बांधली, तेव्हाही बाण पाहिला. मी माझ्या माणसांवर विश्वास ठेवतो. चूक असेल तर तीच."

"मावशी म्हणतायत, खूण उजव्या पायावर झाली होती," नियमबाई म्हणाल्या. वॉर्डाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

संचालकांनी हात झटकला. "अहो, घाबरलेली बाई, त्यात गुंगीचं औषध. तिच्या सांगण्यावर जायचं की डोळ्यांना दिसतंय त्यावर? संध्याकाळपर्यंत पोरीचा राजीनामा घ्या आणि तिचा परवाना रद्द करायला वर कळवा. तुमच्याच सहीने जाऊ दे. नियमांचं खातं तुमचं."

नियमबाईंच्या मनात आलं, चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात!

"संध्याकाळपर्यंत ना?" त्या उठत म्हणाल्या. "मग संध्याकाळपर्यंत मला कुणी अडवायचं नाही."

३

वॉर्डात चिमणी मावशींच्या उशाशी उभी होती. डोळे रडून लाल, पण हात कामात. मावशींच्या मनगटावरची सलाइनची सुई हलू नये म्हणून ती चिकटपट्टी सारखी करत होती.

"तुला घरी जायला सांगितलंय ना?" नियमबाईंनी विचारलं.

"सांगितलंय. पण यांची सुई सरकली होती."

"खूण कशी केलीस ते सांग."

"नेहमीसारखी. पेशंटला बसवते, दुखऱ्या जागेवर त्यांचंच बोट ठेवायला लावते, आणि त्याच्या वर बाण काढते. मग त्यांनी 'हाच' म्हटल्याशिवाय पेनाला टोपण लावत नाही."

"मी म्हटलं होतं 'हाच'," मावशी म्हणाल्या. "उजव्या पायावर. कापडावर कात्री चालवायच्या आधी खडूने खूण करतात ना, तशी केली पोरीनं. मी म्हटलंसुद्धा, बाई, माझ्याकडे कामाला ये. आता कुणी मला विचारतच नाही. सगळे माझ्या पायाशी बोलतायत, तोंडाशी कुणी नाही."

नियमबाई खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसल्या. "मी तोंडाशी बोलते. आठवेल ते सगळं सांगा. क्षुल्लक वाटलं तरी."

"क्षुल्लक म्हणजे, ही उजवी मांडी चुरचुरते. कालपासून. घासल्यासारखी. डॉक्टरना सांगितलं तर म्हणाले, मावशी, ऑपरेशन डाव्याला झालंय, उजवं कसं चुरचुरेल? जसं काही माझी मांडी त्यांना विचारून चुरचुरते!"

सून हुंदका गिळत हसली.

नियमबाईंनी पाहिलं. उजव्या मांडीवर तळहाताएवढी जागा लालसर, कोरडी पडली होती. डावी मांडी मात्र अजून तपकिरी. शस्त्रक्रियेच्या आधी जंतू मारायला फासतात त्या औषधाचा रंग. त्या तपकिरी रंगावर काळा बाण, टोक गुडघ्याकडे. आणि ते टोक पट्टीच्या खाली गेलेलं.

"पट्टीला कुणी हात लावला का?"

"कुणी नाही," सून म्हणाली. "आतून आणल्यापासून मी हललेली नाही. एक आहे, पट्टी मात्र माणुसकीनं बांधलीय. हे बघा, चिकटपट्टीच्या टोकाला दुमडून कान ठेवलाय. म्हणजे काढताना नखाने खरवडायला नको, कातडी ओढायला नको."

"आणि आत? ऑपरेशनच्या खोलीत? जाग होती का?"

मावशींचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. दुःखापेक्षा अपमान जास्त दिसला.

"अर्धवट होती. पाय बधिर, डोळे जड. पण डावीकडे कुणीतरी खुडबुड करतंय एवढं कळलं. मी म्हटलं, उजवा, उजवा. दोनदा म्हटलं. तर डोक्यापाशी कुणीतरी म्हणालं, मावशी, डोळे मिटा आणि देवाचं नाव घ्या." त्या थांबल्या. "मी घेतलं हो. मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत."

नियमबाई तशाच उठल्या. देवाचं नाव! बुडत्याने धरायचा आधार तो, आणि या लोकांनी बाईच्या तोंडात बोळा म्हणून कोंबला!

४

डोक्यापाशी बसतात ते भूल देणारे डॉक्टर. रुग्णालयात त्यांना 'भूलवाले' म्हणत. माणूस विनोदी. चहाच्या खोलीत सापडले.

"या नियमबाई! आज कुणाची चौकशी?"

"'देवाचं नाव घ्या' असं तुम्ही म्हणालात?"

कप वाटेतच थांबला. "सगळ्यांनाच म्हणतो. पेशंट शांत होतात."

"त्या 'उजवा' म्हणत होत्या."

"अहो, त्या औषधात लोक काय काय बोलतात! परवा एक जण मला आपली मेव्हणी समजला." हसले, पण एकटेच. "मी भूल देतो, बाई. गुडघे बघत नाही. माझ्याकडे डोकं असतं, पाय त्यांच्याकडे."

"आणि 'थांबा'चं काय?"

हा 'थांबा' नियमबाईंनीच त्या खोलीत आणला होता. सुरी लावण्याआधी सगळ्यांनी हात थांबवायचे आणि एकेकाने मोठ्याने सांगायचं: पेशंट हाच, बाजू हीच, खूण मी डोळ्यांनी पाहिली. एकाचंही 'नाही' आलं तर सुरी खाली. आठवण राहावी म्हणून त्यांनी एक पितळी घंटी आणून दिली होती.

"झाला की 'थांबा'. घंटी वाजली. आमच्या प्रमुख सिस्टर, अक्का, म्हणाल्या, पेशंट हाच? आम्ही म्हटलं, हो. बाजू हीच? हो. खूण पाहिली? हो. अगदी सुरात."

"तुम्ही पाहिली?"

भूलवाल्यांनी कप खाली ठेवला. "चादरी टाकलेल्या होत्या. डावा पाय तेवढा बाहेर. नेहमी असंच असतं. म्हणजे... सगळेच हो म्हणतात ना."

धृपदासारखं! एकाने उचलायचं आणि बाकीच्यांनी झील धरायची. शब्द कुठले, अर्थ कुठला, कुणाला विचारायची गरज नाही. नियमबाईंना त्या घंटीचा आवाज कानात ऐकू आला आणि स्वतःचाच संताप आला. आपण पहारेकरी ठेवला असं समजत होतो. या लोकांनी त्याला शोभेचा बाहुला केला.

बाहेर पेशंटची गाडी ढकलणारे मामा भेटले. वयस्क, सगळ्यांचेच मामा. ते हळूच सटकायला बघत होते.

"मामा, आधीचा पेशंट कुठल्या गुडघ्याचा होता?"

"डाव्या." मामांची नजर फरशीवर. "पाय टेकवायचा खांब डाव्या बाजूला लावलेला. तो तसाच राहिला. मी मावशींना टेबलावर घेतलं, खांब होता तिकडचा पाय त्यात ठेवला. अक्कांनी त्यालाच औषध फासलं. मग चादरी पडल्या."

"म्हणजे सुरुवात तिथं. मग?"

"मग कॅमेरा आत घातला. सर गुडघ्यातली फाटलेली गादी काढायची म्हणून पडद्यावर बघत होते. बराच वेळ नुसते बघत राहिले." मामांनी गाडीचा दांडा धरला. "नंतर मला काही विचारू नका मॅडम. माझ्या मुलीचं लग्न याच सरांनी—"

"गादी फाटलेली होती का मामा?"

मामांनी उत्तर दिलं नाही. रिकामी गाडी ढकलत ते निघून गेले, आणि तेच उत्तर होतं. धडधाकट गुडघ्यात फाटलेलं काय सापडणार? म्हणजे मोठ्या डॉक्टरांना चूक कळली होती, पेशंट टेबलावर असतानाच. आणि ते गप्प बसले होते, मावशींनी स्वतः चादर उचलेपर्यंत!

५

अक्का म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका. निवृत्तीच्या उंबऱ्यावर आलेल्या. रुग्णालयातल्या निम्म्या पोरी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. रागावल्या तरी आईसारख्या. चिमणी तर त्यांच्या घरी राहून शिकली होती. गावाकडून आली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती, आणि अक्कांनी तिला पहिला पांढरा पोशाख शिवून दिला होता.

अक्कांनी नियमबाईंना बसवलं, पाणी दिलं. कपाटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. कपाटाच्या दारावर पोरींचे फोटो चिकटपट्टीने लावलेले होते.

"पोर चांगली आहे," अक्का म्हणाल्या. "पण चूक कुणाकडूनही होते. वय लहान आहे तिचं. दुसरीकडे कुठंतरी लागेल. मी शब्द टाकीन."

"परवाना गेल्यावर कुठं लागेल अक्का?"

अक्का कपाटावरची धूळ बोटाने पुसू लागल्या.

"पट्टी कुणी बांधली?"

"सरांनी. सर सांगतायत ना?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"मी मागे हत्यारं मोजत होते." अक्कांचा आवाज चढला. "तुम्हाला काय हवंय? एवढ्या मोठ्या माणसाला खाली ओढायचं? त्यांच्यामुळे हजारो माणसं चालायला लागली. एका पोरीसाठी सगळं रुग्णालय बुडवायचं?"

नियमबाई उठल्या. दुसरीकडे पाहावं म्हणून त्यांनी फोटोंकडे पाहिलं, आणि तिथंच थबकल्या. काहीतरी डोळ्यांना खुपत होतं. काय, ते मात्र हाती लागेना.

ते हाती लागलं वॉर्डात परतल्यावर. मावशींच्या मनगटावर चिमणीने सकाळी लावलेल्या चिकटपट्टीचं टोकही दुमडलेलं होतं. छोटासा कान. गुडघ्याच्या पट्टीवर होता अगदी तसाच.

म्हणजे पट्टी चिमणीने बांधली? पुन्हा सोडून बांधली? मग बाणही? आणि ही रडणारी पोर, मावशींची लाडकी, सकाळपासून आपल्याला खेळवतेय?

"चिमणे," त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला, "ही पट्टी दुमडायची सवय कुठून लागली तुला?"

चिमणीने डोळे पुसले. "ही होय? अक्कांनी शिकवली. त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्या असंच करतो. अक्का म्हणतात, दुखणं देव देतो तेवढं पुष्कळ आहे, आपण वरून द्यायचं नसतं."

नियमबाईंना आठवलं. कपाटावरचे फोटो! प्रत्येक फोटोच्या चिकटपट्टीला कान होता.

आत, त्या खोलीत, चिमणी नव्हती; सिस्टर म्हणून एकट्या अक्काच होत्या. आणि आतून आणल्यापासून सून पट्टीजवळून हलली नव्हती.

६

उन्हं कलायच्या आत नियमबाईंनी सगळ्यांना मावशींच्या पलंगाभोवती उभं केलं. संचालक, मोठे डॉक्टर, भूलवाले, मामा, अक्का. चिमणी भिंतीपाशी. खुर्ची फक्त सुनेला.

"इथं कशाला?" संचालक कुजबुजले. "माझ्या खोलीत बसून बोलू."

"पाय यांचा आहे," नियमबाई म्हणाल्या. "मावशी, तुमच्या डाव्या मांडीवरचा रंग मी साध्या पाण्याने पुसू का? परवानगी आहे?"

मावशींनी चमकून पाहिलं. "आहे. विचारलंत, यातच सगळं आलं."

आधी नियमबाईंनी स्वतःची बाही वर केली. दंडाच्या अर्ध्या भागावर तेच तपकिरी औषध फासून वाळवलेलं होतं. त्याच्यावर एक बाण काढलेला, आणि शेजारी उघड्या कातडीवर दुसरा. पेन तेच.

"शाई न पुसणारी आहे. बघा." त्यांनी ओला कापूस उघड्या कातडीवरून फिरवला. बाण हलला नाही. मग औषधाच्या थरावरून फिरवला. औषध विरघळलं, आणि त्याच्यावर बसलेला बाणही त्याच्याबरोबर वाहून गेला. खाली कातडी कोरी.

"खूण वॉर्डात होते, औषध आत फासतात. म्हणजे खरी खूण कातडीवर असते, औषधाच्या खाली. पाण्याने औषध जाईल, खूण राहील. बरोबर ना डॉक्टर?"

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा फोटोतल्यापेक्षाही ताठ झाला होता.

नियमबाईंनी मावशींच्या मांडीवर कापूस टेकवला. एकदा फिरवला. तपकिरी रंग गेला. काळा बाण कापसावर आला. मावशींची मांडी जन्मल्या दिवसासारखी स्वच्छ.

चिमणीच्या तोंडून आवाज निघाला, तो हुंदका की किंकाळी, कळलं नाही.

"हा बाण पोरीने काढलेला नाही. औषध वाळल्यावर, म्हणजे तुमच्या खोलीत काढलाय. आणि उजव्या मांडीवरचा खरा बाण स्पिरिटने घासून घासून काढलाय. पाय बधिर होता, मावशींना कळलं नाही. बधिरपणा उतरल्यावर चुरचुरायला लागलं. त्या सांगत होत्या. तुम्ही त्यांना हसलात!"

"कुणी काढला?" संचालकांनी विचारलं. आवाजातला रुबाब उतरला होता.

"बाणाचं टोक पट्टीखाली आहे. म्हणजे आधी बाण, मग पट्टी. जो पट्टी बांधील त्याला नवा बाण दिसणारच. डॉक्टर म्हणतात, पट्टी मी बांधली." त्या मोठ्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, चिकटपट्टीच्या टोकाचा हा कान तुम्ही केलात? करून दाखवा बरं. का केलात तेही सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं. कान म्हणजे काय, हेच त्यांना समजलं नव्हतं.

"त्यांनी नाही केला," अक्का म्हणाल्या.

त्या पलंगापाशी आल्या.

"मी केला. बाण मी काढला. पुसला मीच. औषध चुकीच्या पायाला मीच फासलं होतं हो... चादर मीच टाकली होती. सर गेल्यावर चादर उचलली आणि पोरीचा बाण उजवीकडे दिसला, तेव्हा चूक माझी आहे हे कळलं." त्या चिमणीकडे पाहत नव्हत्या. "वाटलं, तिचं वय आहे. ती सावरेल. सर नाही सावरणार."

"मी यांना काहीही करायला सांगितलं नव्हतं," मोठे डॉक्टर ताडकन म्हणाले. "हे सगळ्यांनी ऐकावं. एक शब्दही नाही."

आणि तेव्हा भूलवाले बोलले. विनोद नाही, हसू नाही.

"सांगितलंत, सर. पडदा बंद केलात, हातमोजे काढलेत आणि म्हणालात, 'वॉर्डातल्या पोरीने खूण चुकवली असणार. बघून घ्या अक्का.' तेव्हा खूण कुणीच पाहिली नव्हती. तुम्हीही नाही. मी तिथंच होतो. मीही गप्प बसलो." ते मावशींकडे वळले, पण मान वर झाली नाही. "तुम्ही 'उजवा' म्हणालात, ते मी ऐकलं होतं. मला उठून चादर उचलायला हवी होती. मी तुम्हाला देवाचं नाव घ्यायला सांगितलं."

मोठ्या डॉक्टरांनी तोंड उघडलं. पण आता नियमबाई आवरेनात.

"त्यांना सांगावं लागतच नाही!" त्यांचा आवाज वॉर्डाच्या टोकापर्यंत गेला. "इथं कुणालाच काही सांगावं लागत नाही. मोठ्या माणसाने नुसती भुवई उचलायची, की खालच्याने कुणाची मान द्यायची ते आपोआप ठरतं. त्याला तुम्ही निष्ठा म्हणता! भिंतीवर माझे फलक लावलेत, 'निर्भयपणे बोला'. काल चार माणसं होती त्या खोलीत. चौघांचंही हो! आणि जिचा पाय, ती एकटी नाही म्हणत होती. तिला गप्प केलंत, तेही कुणाचं नाव पुढे करून? साधुसंत गळा फोडून सांगून गेले, की देव दुबळ्याच्या मुखातून बोलतो. तो कालही बोलला. दोनदा बोलला. उजवा, उजवा!"

मामा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

"मॅडम," संचालक घसा साफ करत म्हणाले, "हे आपण आतल्या आत—"

"आतल्या आत काही नाही. मी वर कळवतेय. तुम्हीच म्हणालात ना, माझ्या सहीने जाऊ दे. जाईल. फक्त नावं वेगळी असतील. त्यात चादर न उचलणाऱ्या प्रत्येकाचं आहे. आणि त्या घंटीवर विसंबून मोडक्या खुर्च्यांत बसून राहिलेल्या बाईचंही."

अक्का चिमणीपाशी गेल्या. हात पुढे केला. "पोरी..."

चिमणी मागे सरकली. "तुम्ही मला शिकवलंत," ती म्हणाली, "की आपण वरून दुखणं द्यायचं नसतं." एवढंच. अक्कांचा हात तसाच राहिला, रिकामा.

मावशींनी मात्र अक्कांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, पट्टी तुम्ही मायेनं बांधलीत, हे खोटं नाही. म्हणूनच जास्त राग येतोय."

७

मोठ्या डॉक्टरांचा फोटो प्रवेशद्वारावरून उतरला. चौकशी वर बसली आहे. तिथं काय होईल ते होवो, वरच्यांची चक्कीही देवाच्या चक्कीसारखी सावकाशच दळते. अक्कांना घरी बसवलं गेलं. जाताना त्यांनी फोटो नेले नाहीत, आणि चिमणीने ते काढलेही नाहीत. तिची नोकरी राहिली. ती अजूनही चिकटपट्टीचं टोक दुमडते; दुमडताना तिच्या कपाळाला आठी पडते.

डावा गुडघा भरून आल्यावर मावशी परत आल्या, उजव्यासाठी. सुनेने पुष्कळ विरोध केला. "दुसरीकडे जाऊ," म्हणाली. मावशी म्हणाल्या, "उसवलं तिथंच शिवायचं. आणि या वेळी मला गुंगीचं औषध नको. पाय बधिर करा, तोंड नको."

खोलीत नवे डॉक्टर होते, हातात सुरी घेतलेले. दाराशी नियमबाई. घंटी त्यांनी काढून टाकली होती. नव्या प्रमुख सिस्टरने विचारलं, "बाजू हीच?"

"हो," नवे डॉक्टर म्हणाले.

"हो," मामा म्हणाले, खाली वाकून, पायाकडे नीट पाहून.

मग भूलवाल्यांची पाळी. भूलवाले उभे राहिले होते, आपली डोक्यापाशची खुर्ची सोडून.

"नाही," ते म्हणाले.

सुरी थांबली. त्या खोलीत हा शब्द याआधी कुणी ऐकला नव्हता. नव्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. आणि या वेळी भुवयांकडे कुणी पाहिलं नाही.

"मी अजून खूण पाहिली नाही. चादर उचला."

सिस्टरने चादर उचलली. उजव्या मांडीवर, तपकिरी रंगाखाली, चिमणीचा काळाभोर बाण ठसठशीत उभा होता. भूलवाल्यांनी तो पाहिला. मग मावशींच्या कानाशी वाकले. "मावशी, कुठला?"

"उजवा."

"हो," भूलवाले म्हणाले. "आता हो."

मावशींनी वरच्या दिव्याकडे पाहिलं आणि सावकाश डोळे मिटले.

"आता घेते देवाचं नाव," त्या म्हणाल्या. "माझं मी."